चौथा ठिपका

सुआमे, कुमासी
४ फेब्रुवारी १९८६

आदरणीय मामांस,

क्वाबेनाचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. खोकला गेला, झोप लागते. आईला सांगा, तिने बांधून दिलेली मिरचीची चटणी अजून पुरते आहे. अलहसन ड्रायव्हर म्हणाला की तुमचा गुडघा पुन्हा धरलाय आणि यामचे कंद लोकांच्या लॉरीतून भाडं भरून पाठवावे लागताहेत. ऐकून जीव तुटला.

आता गाडीविषयी. गेल्या आठवड्यात इंजिन खोललं. हेड उचलून बाजूला ठेवल्यावर मास्टर बेदियाकोंनी मला जवळ बोलावलं आणि सिलेंडरमध्ये बोट फिरवायला लावलं. वरच्या तोंडाशी नख अडकेल अशी कड झाली आहे. इतकी वर्षं वरखाली घासून पिस्टनने आतली भिंतच खाऊन टाकली आहे. मास्टर म्हणाले, तुझ्या मामाची गाडी पेट्रोल कमी आणि ऑइल जास्त पीत असणार. मी म्हटलं, मामांना ते ठाऊक आहे, म्हणून तर इथे आणली. यावर ते हसले. मामा, मला ते हसणं आवडलं नाही.

तुम्ही बजावल्याप्रमाणे मी उघड्या इंजिनाजवळून हलत नाही. इथे सगळेच मालक आपला एखादा माणूस बसवतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण बाकीचे बसणारे सोंगट्या खेळतात, डुलक्या काढतात, एकमेकांच्या बायकांच्या तक्रारी सांगतात. मी शिंकतोसुद्धा डोळे उघडे ठेवून. त्यामुळे यार्डाने माझं नाव 'नवरदेव' ठेवलंय. जेवायला उठलो की कुणीतरी हाक मारतं, काय नवरदेव, नवरीला एकटी टाकून निघालात, परत याल तेव्हा अंगावर एक दागिना राहायचा नाही. हसत म्हणतात. पण माणसं खरं बोलतात ती हसतानाच.

क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनातला जाड दांडा, ग्राइंडिंगला नेला तेव्हा मी हातगाडीची कड धरून चालत गेलो. ग्राइंडिंगवाला म्हणाला, बाहेर बस, यंत्राचा पट्टा सुटला तर डोकं जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. क्रँक माझ्या नजरेसमोर घासला आणि माझ्या नजरेसमोर परत आला. तो आपलाच आहे, एवढं मी शपथेवर सांगतो.

खरा संशय आहे तो तवियावर. हा मास्टरांचा उजवा हात, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. दिवसभर शिट्टी वाजवत काम करतो. ज्याला काही लपवायचं नाही तो इतकी शिट्टी कशाला वाजवेल? पिस्टन रॉडसकट बाहेर काढायचं काम त्याचं. प्रत्येक रॉडचा खालचा अर्धा भाग सुटा निघतो, त्याला कॅप म्हणतात. रॉड आणि कॅप मिळून क्रँकला मिठी मारतात. ज्या रॉडची कॅप त्यालाच लागली पाहिजे, नाहीतर मिठी वाकडी बसते आणि इंजिन जाम होतं. म्हणून तविया सुटं करता करता पंच आणि हातोडी घेऊन दोन्हींवर ठिपके मारतो. पहिल्या रॉडवर एक, त्याच्या कॅपवर एक. दुसऱ्यावर दोन. असं सहापर्यंत. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. पण ठिपके काय, कुठल्याही कॅपवर मारता येतात. आपली चांगली कॅप उचलून दुसऱ्या गाडीची झिजकी ठेवली आणि तेवढेच ठिपके मारले, तर कोण ओळखणार?

म्हणून मीही बंदोबस्त केला आहे. काय केलं ते लिहीत नाही. पत्र अलहसनच्या हातून येतंय.

पोकुआ इथेच आहे हे तुमच्या कानावर आलं असेलच. मावशीबरोबर यार्डाच्या तोंडाशी मक्याच्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी विकते. मी कॉलेज का सोडलं हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आई म्हणते, दोघांनाही माहीत आहे. तुमचं वचन मी रोज उठल्याबरोबर आठवतो, की 'उद्याही आहे' ही पाटी कपाळावर घेऊन आपली गाडी स्वतःच्या दमावर तेचिमानला परतली की त्याच आठवड्यात तुम्ही पेटीतली ती दारूची सीलबंद बाटली घेऊन माझ्यासाठी मागणी घालायला पोकुआच्या वडिलांचं दार वाजवणार. म्हणजे हे इंजिन जसं तुमचं आहे तसं माझंही आहे. यातला एक नट मी इकडचा तिकडे होऊ देणार नाही.

काल तवियाने पोकुआच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड दिलं. तिने ते टोपलीच्या तळाशी ठेवलं आणि वर केंके रचलं. मी पाहिलं. अजून बोललो नाही.

डोळ्यांत तेल घालून बसलेला,
आपला भाचा,
क्वाबेना


सुआमे, कुमासी
१८ फेब्रुवारी १९८६

आदरणीय मामांस,

नमस्कार. तुमचा निरोप पोचला. गुडघ्याला शेक देत जा, आईचं ऐका. इकडे ऊन फार आहे, पत्र्याच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही. माझी तब्येत बरी.

चोर सापडला. माझं म्हणणं खरं ठरलं.

घडलं ते असं. नव्या स्लीव्ह बसल्या, नवे पिस्टन आले, रिंगा चढल्या. गेल्या गुरुवारी सकाळी मास्टर क्रँकवर रॉड बांधायला बसले. ते हात लांब करून आकडा म्हणत आणि तविया त्या आकड्याची कॅप पुसून हातात देई. एक दिली, दोन दिली. मास्टर म्हणाले, तीन. तविया ट्रेमध्ये चाचपडत राहिला. तीन ठिपक्यांची कॅप कुठेच नव्हती. चार ठिपक्यांच्या मात्र दोन होत्या.

शिट्टी थांबली. मी उठून उभा राहिलो आणि शेजारच्या यार्डांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"यातली एक कॅप आमची नाही. बाहेरची आणून ठेवली आहे. आमची कुठे विकली ते याला विचारा."

हातातली कामं टाकून लोक जमले. तविया म्हणाला, मी तीन मारले होते, मला मोजता येतं. कुणीतरी मागून म्हटलं, मोजता येत असेल, पण नजर केंकेवालीकडे असेल तर चारही होतात. लोक हसले. ते हसणं ऐकून माझं डोकं आणखी फिरलं आणि मी त्या फडक्यातल्या गाठोड्याचंही काढलं. विचारलं, त्या दिवशी पोकुआला काय दिलंस ते सांग सगळ्यांसमोर. तो एकदा तिच्याकडे बघून गप्प झाला. मामा, ज्याच्या मनात पाप नाही तो असा गप्प होईल का?

मास्टरांनी त्याची हत्यारांची पेटी उघडायला लावली. पेटीत काही निघालं नाही. तरी ते म्हणाले, मी बोलावेपर्यंत घरी बस. तवियाने अंगातला कामाचा डगला काढला, घडी घातली, बाकावर ठेवला आणि गेला. दुपारपर्यंत बातमी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. आता त्याला इथे कुणी इंजिनाला हात लावू देणार नाही. तुम्ही मला कशासाठी बसवलं होतं ते सार्थकी लागलं, असं म्हणायला हरकत नाही.

इंजिन वाचलं. मास्टरांनी त्या दोन्ही कॅपा आलटून पालटून लावून पाहिल्या. एकदा क्रँक हलेना. अदलाबदल केल्यावर हाताने लोण्यासारखा फिरला. बाहेरची कॅप इतकी बरोबर कशी बसली, असं तुम्ही विचाराल. योगायोग असतात. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

त्यानंतर मास्टर ती कॅप पुन्हा सोडवून उन्हात घेऊन गेले आणि बराच वेळ उलटसुलट करत उभे होते. परत आल्यावर म्हणाले, यातला एक ठिपका बाकीच्यांपेक्षा उथळ आहे. मी म्हटलं, असेल. त्यालाही काही अर्थ आहे असं मला वाटत नाही. तेव्हापासून ते माझ्याकडे जरा जास्तच बघतात. म्हातारी माणसं बघतात.

हल्ली माझ्या केंकेबरोबर मासळी येत नाही. विचारलं तर पोकुआ म्हणते, संपली. टोपलीत तर दिसत असते. गाठोड्याविषयी मी तिला विचारलं. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. या दोघांचं काहीतरी आहे, मामा. तुम्ही लवकर या असं मला म्हणायचं होतं, पण गाडी तयार झाल्याशिवाय तुम्ही येणार नाही हेही मला माहीत आहे.

जेवण उतरत नाही, उन्हामुळे असेल.

आपला भाचा,
क्वाबेना


सुआमे, कुमासी
२६ फेब्रुवारी १९८६

मामा,

नमस्कार. या वेळी गुडघ्याचं विचारत नाही. या पत्रात मी तुम्हाला त्या गुडघ्यासकट इथे बोलावणार आहे, आणि आधी विचारपूस करून मग बोलावणं म्हणजे लबाडी झाली असती. मागची दोन पत्रं जवळ असतील तर हे वाचून झाल्यावर पुन्हा वाचा. कुठे कुठे मी भरभर लिहून पुढे गेलोय ते तुम्हाला सापडेल.

पहिल्या पत्रात बंदोबस्त लिहिला होता तो हा. आपल्या जुन्या पिस्टनांवर मी आतल्या बाजूने खिळ्याने पोकुआच्या नावाचं पहिलं अक्षर ओरखडलं. हसू नका. ते सगळे माझ्या पोत्यात आहेत, एकही गेलेला नाही. कॅपवर अक्षर मावत नव्हतं. म्हणून ठरवलं की प्रत्येक कॅपवर आपला एक जादा ठिपका मारायचा, म्हणजे अदलाबदल झाली तर मला लगेच कळेल. मास्टर आणि तविया हेड बघायला पलीकडे गेले होते. मी तवियाच्या पेटीतला पंच घेतला, ट्रेमधली पहिली हाताला लागली ती कॅप उचलली आणि ठोकला. एकच ठिपका झाला होता तेवढ्यात पोकुआ माझं जेवण घेऊन आली. मी पंच मांडीखाली दडपला. ती म्हणाली, काय करतोयस. मी म्हटलं, काही नाही. नंतर पुन्हा तशी संधी मिळाली नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या हातचं खाल्ल्यावर मी बाकीच्या कॅपांचं विसरूनच गेलो.

म्हणजे सगळ्यांवर एकेक जादा झाला असता तर निदान सगळे एकसारखे चुकले असते. मी फक्त तीनची चार केली.

त्या दिवशी यार्डात ओरडलो तेव्हा हे माझ्या ध्यानात नव्हतं. यावर विश्वास ठेवा. चारच्या दोन कॅपा बघितल्या आणि इतके दिवस ज्याची वाट बघत होतो ते समोर आलं असंच वाटलं. तवियाने डगल्याची घडी घातली तोवरही माझी छाती फुगलेलीच होती. मास्टर कॅप घेऊन उन्हात गेले तेव्हा मला माझी मांडी आठवली, मांडीखालचा पंच आठवला. तेव्हा बोलता आलं असतं. गर्दी अजून पांगली नव्हती. मी बोललो नाही, आणि वर तुम्हाला ते पत्र लिहिलं.

परवा मी पोकुआसमोर जाऊन बसलो आणि पुन्हा गाठोड्याचं विचारलं. म्हटलं, आज ऐकल्याशिवाय उठणार नाही. तिने टोपली बाजूला केली आणि चुलीवरचं भांडं दाखवलं. नवं होतं, ॲल्युमिनियमचं. मावशीचं जुनं भांडं गळायला लागलं होतं. तवियाने भंगारातले पिस्टन जमवून ओळखीच्या ओतकामवाल्याकडून ते करून घेतलं होतं. ते भंगार कुठल्या गाडीचं, हे माझ्या तोंडावर आलं होतं, मी गिळलं. मी विचारलं, मग त्याने त्या दिवशी सांगितलं का नाही. ती म्हणाली, कसं सांगणार, तुझ्या लोकांनी किंवा त्याच्या लोकांनी अजून माझ्या बापाचं दार वाजवलं नाही आणि भर यार्डात हा म्हणणार की मी हिला भांडं दिलं? नंतर लोकांनी माझं काय केलं असतं? तू तर आधीच आवाज चढवला होतास.

मला राहवलं नाही. विचारलं, तुमचं दोघांचं आहे तरी काय.

"भांड्यात केंके शिजतं. अजून तरी तेवढंच."

आणि मग माझ्याकडे न बघता, हात चालूच ठेवून म्हणाली, "मी आले तेव्हा तुझ्या मांडीखाली पंच होता. मी विचारलं तर म्हणालास, काही नाही. ते तुझं काही नाही मी इतके दिवस सांभाळतेय. जड झालंय. तुझं तू परत घे."

मी म्हटलं, मग तू मास्टरांना का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तू सांगतोस का ते बघत होते.

मामा, मी चिडलो होतो. कुणावर ते समजत नव्हतं म्हणून रस्त्यातल्या एका रिकाम्या पिंपाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. तसाच लंगडत तवियाला शोधायला गेलो. तो मोठ्या रस्त्याला एका पंक्चरवाल्याकडे टायरमध्ये हवा भरत होता. शिट्टी नव्हती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं. त्याने हवा पुरी भरली, वॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं.

"मला कशाला सांगतोस? मी तीन मारले होते हे मला माहीतच होतं. ज्यांच्यासमोर ओरडलास त्यांच्यासमोर सांग. आणि एकटा येऊ नकोस. पोरासोरांची माफी घेऊन मी काय करू, तिचं वजन किती? तुझ्या घरचं मोठं माणूस आण."

तिथून मी मास्टरांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, उथळ ठिपका पाहिला तेव्हाच कळलं होतं, तवियाचा हात असा भितभित पडत नाही. मी विचारलं, मग त्याला परत का नाही बोलावलंत. त्यांनी हात पुसले. म्हणाले, तुझ्या एका ओरडण्यावर मी माझ्या माणसाची पेटी लोकांसमोर उघडली, ते माझं. त्याचं मी बघेन. पण ठिपका तुझा आहे, तो मी माझ्या तोंडाने उचलणार नाही. आणि हेही म्हणाले की ज्या इंजिनावरून त्यांच्या शेडमध्ये खोटा आळ आला, त्याचं खालचं तोंड आळ धुतल्याशिवाय ते बंद करत नाहीत.

तेव्हा गाडीची स्थिती अशी आहे. रॉड बांधले आहेत, हेड बसलंय, टायमिंग जुळवलंय. खाली ऑइलचं चेंबर लावायचं राहिलंय. ते जमिनीवर धुऊन, पालथं ठेवलंय, त्यावर फडकं घातलंय. ते लागल्याशिवाय ऑइल ओतता येणार नाही आणि ऑइल ओतल्याशिवाय इंजिन चालू होणार नाही. मी मास्टरांना म्हटलं, मामांचा व्यवसाय अडलाय. ते म्हणाले, मग तुझे मामा लवकर येतील.

मामा, तुम्ही या. अलहसनच्या गाडीत पुढची जागा मिळते, पाय लांब करता येईल. आणि पेटीतली ती बाटली आणा. मला ठाऊक आहे ती एकच आहे, तुम्ही ती किती वर्षं कापडात गुंडाळून ठेवली आहे आणि हल्ली तशी बाटली कुठे मिळत नाही. मला हेही ठाऊक आहे की ती कुणाच्या दारासाठी राखली होती. ती माफी म्हणून तवियाच्या हातात द्यायची आहे, भर दुपारी, सगळी शेजारची यार्डं जमलेली असताना. तुम्ही बोलायचं, मी मागे उभा राहीन. माझं नाव पूर्ण घ्या. आईच्या, म्हणजे तुमच्याच घराण्याचं नाव घ्यायला जीभ अडखळेल, तरी घ्या. 'पोराकडून चूक झाली' असं म्हणू नका, त्याने लोकांना वाटेल लहानसहान काहीतरी असेल.

हे पत्र लिहिणार आहे असं मी पोकुआला सांगितलं. तिने विचारलं, तुझ्या मामाकडे बाटली एकच आहे ना. मी म्हटलं, एकच. ती म्हणाली, मग नीट विचार करून लिही. आता यातून काय समजायचं? ती मला थांबवत होती की आजमावत होती? तवियाला बाटली मिळाली तर त्याचीच माणसं ती घेऊन तिच्या बापाचं दार वाजवणार नाहीत कशावरून? हा विचार मी कालपासून दहा वेळा बाजूला सारला आणि तो दहा वेळा परत आला. तरी पत्र लिहितोय. माझा स्वभाव एका पत्रात जाणारा नाही, एवढं तुम्ही समजून घ्या.

आज केंकेबरोबर मासळी होती. मी ती उलटून पालटून पाहिली, खाली काही आहे का म्हणून. काही नव्हतं. मासळीच होती.

गाडीच्या कपाळावरची पाटी ऑइलच्या धुराने काळी पडलीय. पेंटर विचारत होता, पुन्हा रंगवू का. मी म्हटलं, मामा आल्यावर.

हे पत्र चिकटवलेलं नाही. अलहसनने वाटेत वाचलं तर वाचू दे, यार्डात सगळ्यांना सांगायचंच आहे.

चौथा ठिपका माझा.

आपला भाचा,
क्वाबेना